पहिल्या दाराची चौकट

"ह्यो टॉवेल न्हवं, हातरुमाल हाय," चिमणाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "घाम पुसायला गेलं तर निम्मं तोंड वलंच ऱ्हायचं."

आम्ही दोघी सिमेंटच्या पोत्यांवर टेकून बसलो होतो. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नारळ, हळदीकुंकवाचं ताट, आंब्याचा डहाळा, आणि चिमणाबाईंच्या पोरानं, म्हणजे मुकादम पिराजीनं, सकाळीच आणलेला टॉवेल आणि पांढरी टोपी.

"टोपी तरी धडाची आहे," मी म्हटलं.

"टोपी धडाची हाय की. डोकं कुणाचं घालत्यात त्यात, त्ये बघू आता."

आमच्याकडं नव्या घराच्या पुढच्या दाराची चौकट उभी करणं म्हणजे निम्मी वास्तुशांतच. सवाष्णी चौकटीला हळदीकुंकू लावतात, नारळ फुटतो, आणि चौकट बसवणाऱ्या गवंड्याला टॉवेल-टोपी मिळते. मार्केट यार्डाच्या मागं हे बांधकाम चाललंय ते सरकारी घरकुलाचं. चौकटी लोखंडी, टेम्पोतनं डझनावारी येऊन पडतात. तरी पहिल्या दाराला नारळ हा हवाच. लोखंड झालं म्हणून देव काय दुसऱ्या दारानं येत नाही.

अडचण एवढीच होती, की पहिल्या दाराची गवंडी अनुजा होती.

त्याचं असं झालं. ह्या घरकुलाच्या टेंडरमध्येच एक अट होती. तिसऱ्या इमारतीच्या तळमजल्याचं बांधकाम वस्तीतल्या महिला गटाला द्यायचं, आणि त्यातल्या निदान एका बाईनं गवंडी म्हणून काम करायचं. नुसतं घमेली उचलून चालणार नाही. आमच्या 'उभारी' गटाची सचिव मी, म्हणून ती अट मी चार वेळा वाचली. पहिल्यांदा समजायला, दुसऱ्यांदा खात्रीला, आणि पुढच्या दोन वेळा नुसती बरं वाटायला. अशा कामांची रीत आम्हाला पाठ आहे. कागदावर गटाचं नाव, फोटोत हेल्मेट घातलेल्या बायका, फोटो झाला की हेल्मेट परत, आणि काम करायला ठेकेदाराचे नेहमीचेच गडी.

ह्या वेळी तसं झालं नाही. ठेकेदार जिनेश तरुण आहे, कागदाला भितो. भिणारी माणसं पुष्कळदा सरळ वागतात. त्यानं आम्हाला खरंच भिंती दिल्या, आणि अनुजानं त्या बांधल्या.

अनुजा पेठ वडगावची, वस्तीत सून म्हणून आली. बारा वर्षं गवंड्यांच्या मागं घमेलं वाहिलं. तिचा नवरा सम्राट गवंडीच होता. चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला. "त्येची थापी इकायला काढली हुती," ती सांगते, "गिऱ्हाईक मिळंना, मग मीच हातात घेतली." सांगताना हसते, त्यामुळं ऐकणाऱ्यालाही हसावं लागतं. तिची भिंत बघून पिराजीच म्हणाला होता, "हिच्या भिंतीला वळंबा लावायचा तर वळंब्यालाच लाज वाटंल." स्वतःजवळचा जादाचा ओळंबा त्यानं तिला देऊन टाकला होता. पिराजी वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तसं वाटेल.

आता एकच राहिलं होतं. पुढच्या दाराची चौकट अनुजानं बसवायची, सरकारी इंजिनियर मॅडमनी ती ओळंबा लावून सरळ आहे का बघायची, की मस्टरवर अनुजाच्या नावापुढचं 'बिगारी' खोडून 'गवंडी' लिहायचं. एकदा ते लिहिलं गेलं, की पुढच्या कुठल्याही बांधकामावर तिला कुणी नुसतं घमेलं देऊ शकत नव्हतं. अनुजानं त्यासाठी बारा वर्षं वाट बघितली होती. तोंडानं कधी म्हणाली नाही, पण मस्टर उघडलं की तिची नजर त्या रकान्यावर जायची. मला दिसायचं.

भिंती बांधताना कुणाला काही वाटलं नव्हतं. चौकटीचं नाव निघालं आणि एकेकाला काही ना काही सुचायला लागलं.

मंगळवारी पिराजी म्हणाला, चौकट लई जड हाय. आम्ही चौघींनी ती उचलून इमारतीभोवती फिरवून आणली. बुधवारी म्हणाला, आदी न्हाणीच्या चौकटीवर हात बसू दे. अनुजानं जेवणाच्या सुट्टीआधी दोन न्हाण्यांच्या चौकटी बसवल्या. गुरुवारी नवाच मुद्दा निघाला. बाईला टोपी कशी घालायची?

"टोपीऐवजी साडी देऊ की," जिनेश म्हणाला. सुटल्यासारखा दिसला.

"साडी पावणीला देत्यात, साहेब," पिराजी म्हणाला. "मिस्त्रीचा मान टोपीत असतोय."

ह्यावर अर्धा तास चर्चा झाली. फेटा बांधावा का, टोपी हातात द्यावी का, टॉवेल खांद्यावर टाकला तर चालेल का. एवढी शांत आणि समजूतदार चर्चा मी आमच्या गटाच्या बैठकीत कधी ऐकली नाही. अनुजा बाजूला विटा भिजवत होती. तिला कुणी विचारलं नाही.

आणि मी? गुरुवारी संध्याकाळी मीच अनुजाला म्हटलं, "पिराजी नुसता पहिला हात लावंल. बाकी सगळं तूच कर. काय बिघडतंय?"

ती माझ्या दारातल्या नळावर घमेलं धूत होती. "पैलाच हात का, आक्का?"

"पद्धत असती."

"कसली?"

"थांब, चहा उतू जाईल," म्हणून मी आत गेले. गॅसवर चहा नव्हता.

शुक्रवारी अकराला इंजिनियर प्रियदर्शनी मॅडम स्कूटरवरनं आल्या. पिशवीतनं ओळंबा काढला, मस्टर काढलं, पेन काढलं. वस्तीतल्या पाच सवाष्णी ताटाभोवती उभ्या राहिल्या. पिराजीच्या बायकोनं ताट उचललं. अनुजानं माल कालवून ठेवला होता. डोक्याला फडकं बांधून, हातात थापी घेऊन ती चौकटीपाशी उभी होती. चौकट भिंतीला टेकून होती.

कुणी हललं नाही.

"जरा मुहूर्ताचं बघतोय मॅडम," पिराजी म्हणाला.

"किती वाजताचा आहे?"

"अकराचा... न्हाय, साडेअकरा."

सवाष्णी आपापल्या पायांच्या बोटांकडं बघत होत्या. एकीनं ताटातली हळद बोटानं सारखी केली. मग दुसरीनं केली.

"माझी काहीच हरकत नाही हं," जिनेश म्हणाला. थोड्या वेळानं परत म्हणाला. तसं बघितलं तर हरकत कुणाचीच नव्हती. त्या दिवशी त्या आवारात हरकत घेणारं एकही माणूस नव्हतं, आणि चौकट भिंतीला टेकूनच होती.

तेव्हा एक माझ्या लक्षात आलं, आणि इतका वेळ आलं नव्हतं ह्याची मला लाज वाटली. सोडतीत ह्या पहिल्या घराची चिठ्ठी निघाली होती ती चिमणाबाईंच्या नावानं. घराची मालकीण त्या. ताट त्यांच्या सुनेच्या हातात, नारळ पोराच्या हातात, आणि मालकीण माझ्याशेजारी मागं सिमेंटच्या पोत्यांवर. त्यांना कुणी मागं बसा म्हटलं नव्हतं. त्या आपणहून येऊन बसल्या होत्या, सवयीनं, आणि मीही सरकून जागा दिली होती.

"मग अडलंय कशाला?" मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "कुणी सांगेल का मला?"

"अडलं न्हाय की," पिराजी म्हणाला. "अनुजानं वळंबा धरायचा, चौकट मी हुभी करतो. कामच हाय न्हवं, कुणी बी केलं तर काय."

"मग मस्टरवर गवंडी म्हणून तुमचं नाव लिहू?"

पिराजीनं खांद्यावरच्या पंच्यानं मान पुसली. त्याला ह्यातलं काही आवडत नव्हतं. तो कुठल्या तरी मोठ्या, न दिसणाऱ्या माणसाचा निरोप्या असल्यासारखा उभा होता.

अनुजानं थापी घमेल्याच्या काठावर ठेवली. आवाज न करता ठेवली.

"असू दे मॅडम," ती म्हणाली. "बिगारीच लिव्हा. तुमास्नी कशाला उशीर."

मी उठायला हवं होतं. अट मी चार वेळा वाचली होती. पण मला वाटलं, आज घराचं शुभकार्य, आपण कशाला विषय काढायचा. बघा, मलासुद्धा तेच वाटलं. नाव न घेता.

शेजारचं पोतं हललं. चिमणाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. सिमेंटची धूळ लुगड्याला लागली होती, ती झटकली नाही. चालत गेल्या, खुर्चीवरचा टॉवेल उचलला, लांबी परत एकदा बघितली आणि अनुजाच्या खांद्यावर टाकला.

"आये," पिराजी हळूच म्हणाला, "तू बस की तिकडं."

"बसलोय की. तीस वरसं बसलोय." त्या मॅडमकडं वळल्या. "मॅडम, ह्येची जीभ रेटत न्हाय, म्हणून मी सांगतो. ह्येच्या थोरल्या भावानं कागलात घर बांधलं. चौकट हुभी करायच्या टायमाला ह्येनंच मला मागल्या परसात न्हेऊन बसवलं, तांदूळ निवडायला."

"आये..."

"त्ये निवडल्यालंच तांदूळ हुतं, पिऱ्या. एक खडा घावला न्हाय मला त्यात. तरी मी निवडत बसलो, नारळ फुटल्याला ऐकू येस्तोवर."

पिराजीनं मान खाली घातली. हातातला नारळ त्यानं दोन्ही तळव्यात धरला होता, लहान पोरानं धरावा तसा.

"चौकट जड न्हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "टोपीचं काय न्हाय आन् मुहूर्ताचं बी न्हाय. हिचा नवरा मेलाय. रांडव बाईचा हात दाराला लागू ने, एवढंच हाय ह्या समद्यांच्या पोटात. आन् त्ये म्हणायचं आसंल, तर म्हणा की. पर माझ्या दारात हुभं ऱ्हाऊन म्हणा. अनुजा, उचल ती थापी. आदी दार तर हुभं कर."