फ्रेमवाल्याचा गुन्हा

मरण्याच्या आदल्या दिवशी आईने लेकीचे डोळे तपासले. वर्षातून एकदा तपासायचीच. चष्म्याच्या दुकानातली बाईच डोळे बारीक करून बघायला लागली तर गिऱ्हाईक कशाला थांबेल, असं तिचं म्हणणं. चाचणीची जड फ्रेम लेकीच्या नाकावर चढवून ती एकेक भिंग घालत होती, काढत होती.

"हे बरं की हे?"

"दोन्ही सारखीच."

"म्हणजे नंबर सापडला. सारखं दिसायला लागलं की थांबायचं." आईने भिंग पुसून पेटीत ठेवलं. "स्थळं दाखवली तेव्हाही तू हेच म्हणायचीस. हा बरा की तो? दोन्ही सारखेच. तिथे मात्र थांबून चुकलं माझं."

लेक एकेचाळीस वर्षांची होती, तरी विषय निघायचाच. पंधरा वर्षांपूर्वी तर आई हात धुऊन मागे लागली होती. "दगड आहेस का? कोणीच आवडत नाही म्हणजे काय? मुलगी आवडत असेल तर तसं सांग. चार दिवस रडेन, पण कळेल तरी!"

मुलगीही आवडत नव्हती. कादंबऱ्यांतल्या प्रेमात पडलेल्या माणसांसाठी ती रडायची, पण पुस्तक मिटलं की विषय मिटायचा. पुढे एका पुस्तकात तिला शब्दही सापडले: शरीराची ओढ न वाटणारे ते असेक्शुअल, प्रेमात पडावंसंच न वाटणारे ते अरोमँटिक. कोणाला यातलं एक वाटतं, दुसरं नाही. कोणाला क्वचितच वाटतं. तिला दोन्ही कधीच वाटलं नव्हतं. पण शब्द हाती आले तोवर उशीर झाला होता. त्याआधीच एका दुपारी आईने विचारलं होतं, "त्या फ्रेमवाल्याने फसवलं ना तुला?"

फ्रेमवाला म्हणजे दर महिन्याला नव्या फ्रेमांची पेटी घेऊन येणारा, जरा जास्तच बोलका विक्रेता. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. लेक गप्प बसली. मोडलेलं मन आईला समजत होतं, न मोडलेलं समजत नव्हतं. त्या दिवसापासून स्थळं बंद झाली आणि आई तिच्याशी हळू आवाजात बोलू लागली. फ्रेमवाल्याची पेटी मात्र आईने रस्त्यावर भिरकावली आणि दुकानादुकानांत फिरून त्याची अब्रू काढली. आधी त्याचं लग्न मोडलं, मग धंदा बसला. लेक तेव्हा आत भिंगं घासत होती. यंत्राच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, असं ती स्वतःला सांगायची.

"आई," फ्रेम उतरवता उतरवता ती म्हणाली, "तो फ्रेमवाला..."

"नाव काढू नकोस मेल्याचं! मरेपर्यंत सोडणार नाही मी त्याला."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना आई ओट्यापाशी कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना फ्रेमवाला दारात येऊन उभा राहिला. केस पिकलेले, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.

"लाज नाही वाटत?" मावशी कडाडली. "पोरीच्या आयुष्याची माती केलीस, आता मजा बघायला आलास?"

"मजा कसली, ताई. वाटलं, आता तरी आत येता येईल." तो चपला काढायच्या की नाही अशा विचारात उभा होता. "दोनदा पाया पडून सांगितलं त्यांना, मी काही केलं नाही म्हणून. त्या म्हणाल्या, तू निर्दोष असतास तर माझ्या लेकीनेच मला अडवलं असतं."

सगळ्यांच्या माना लेकीकडे वळल्या. मावशीने तिला जवळ ओढलं. "तिकडे बघूच नकोस, बाळा."

मावशीच्या कुशीत ऊब होती. अजूनही गप्प राहता आलं असतं.

ती उठून उभी राहिली.

"मावशी, याने मला कधी बोटही लावलं नाही. मला हा आवडत नव्हता. कोणीच आवडलं नाही, कधीच. मी आहेच अशी, कोणी केलेली नाही. एवढं एक वाक्य आईला सांगायला मी भ्यायले. म्हणून याला तिच्या तोंडी दिलं."