नाकातलं हसू

कुठेतरी पाणी मुरतंय, हे कात्रीच्या लक्षात आलं ते दादाच्या फोनवरून. एरवी फोन केला की तो आधी आप्पांची चौकशी करायचा, मग हवापाण्याची, आणि बोलणं राजकारणाकडे वळायच्या आत ठेवून द्यायचा. त्या दिवशी त्याने थेट विचारलं, "छोटे, माझं हसू तेवढं ठेवलंस. त्या बाईचं कुठे गेलं?"

"कुठलं हसू?"

"नाकातलं. मी बोलायला लागलो की ती फस्स करून नाकातून हसायची. रेडिओवर एकदाही ऐकू आलं नाही. माझं मात्र एकूणएक."

"दादा, ती हसलीच नव्हती. सगळा कार्यक्रम माझ्या हाताखालून गेलाय. तुला तसं वाटलं असेल."

"मला वाटलं? हातभर अंतरावर बसलो होतो मी तिच्यासमोर!" एवढं बोलून त्याने फोन आपटला. आणि त्या रविवारी तो आला नाही.

तो न येणं म्हणजे काय, हे समजायला या घराची थोडी माहिती हवी. कात्री ही रेडिओ केंद्रात आवाजांची काटछाट करणारी बाई. माणसं बोलताना किती पसारा करतात ते तुम्हाआम्हाला कळत नाही. घसा खाकरतात, ओठ चाटतात, खुर्ची सरकवतात, उगाच सुस्कारे टाकतात. केंद्रात या सगळ्याला 'कचरा' म्हणतात, आणि कचरा काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणून तर तिला कात्री हे नाव पडलं, आणि तिलाही ते आवडायचं. तिने केलेला जोड भल्याभल्यांना सापडायचा नाही. गर्व होताच तिला त्याचा, का नसावा?

दादा हा तिचा थोरला भाऊ. लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. आता पक्षांची नावं घेऊन आपल्याला कुणाचा प्रचार करायचा नाही, तेव्हा एकांना अलीकडचे म्हणू आणि दुसऱ्यांना पलीकडचे. कात्री अलीकडची, दादा पलीकडचा. आप्पांसमोर भांडायचं नाही, एवढं एक पथ्य दोघं पाळायचे. आप्पा कात्रीकडे असायचे, कंबरेतून गेलेले, दिवसभर अंथरुणात. दर रविवारी सकाळी दादा येऊन त्यांची दाढी करायचा. दुसऱ्या कुणाला ते गालाला हात लावू द्यायचे नाहीत. कात्रीने एकदा वस्तरा उचलला तर म्हणाले, "ठेव तो खाली. तुझी कापाकापी तिकडे रेडिओवर."

आणि दादाला रेडिओवर बोलावलं होतं कात्रीनेच. चर्चेचा कार्यक्रम होता. विषय असा, की समोरच्याला कमी लेखण्यात पुढे कोण, अलीकडचे की पलीकडचे? पुढारी नकोत, साधी माणसं हवीत, असं ठरलं. अलीकडून एक ग्रंथपालबाई मिळाल्या. पलीकडून कोणी येईना. "चल ना रे, माझ्यासाठी," म्हणून तिने दादाला ओढून आणलं, आणि बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला.

कार्यक्रम लागला आणि दादाची शोभा झाली. ग्रंथपालबाई शांत, समंजस, एकेक शब्द तोलून बोलणाऱ्या, आणि दादा मधूनमधून नाकातून हसणारा. शेजारीण जिन्यात भेटून म्हणाली, "तुमचे भाऊ अगदी नाकाने कांदे सोलतात हो." त्याच्याकडे शिकणाऱ्या दोघांनी दुसरा मास्तर धरला. लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय हो, आम्ही एवढे मूर्ख आहोत का?"

दुसरा रविवारही तसाच गेला. आप्पांच्या गालावर पांढरी खुंटं वाढली. कात्रीने त्यांच्या उशाशी बसून गोड आवाजात सांगितलं, "दादाला सर्दी झालीय आप्पा. तुम्हाला लागू नये म्हणून येत नाही हं तो." आप्पा "असं का" म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तो कायमचाच आला नाही तर? आप्पांचे दिवस थोडे उरलेत, आणि त्यातले रविवार आपण घालवले, हे ओझं ती कुठे ठेवणार होती?

पण दादा खोटं बोलत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तो रागीट आहे, हट्टी आहे, पण खोटारडा नाही. मग बाईंचं हसू गेलं कुठे? त्या हसल्याच असतील तर ते रेकॉर्डिंग कात्रीच्या हातात पडायच्या आधी कुणीतरी साफ केलं असणार. आणि असा माणूस केंद्रात एकच होता, गोडबोल्या.

गोडबोल्या म्हणजे त्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. जिभेवर साखर, आणि होता कट्टर अलीकडचा. संकलनाच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असायची. आता कात्रीला सगळंच दिसायला लागलं. तिची खुर्ची परवा कुणीतरी खाली केली होती. टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, आणि ती तर चहा पीत नाही. तो भाग लागल्यावर गोडबोल्याने तिची जरा जास्तच पाठ थोपटली होती. एकदा संशयाने मनात घर केलं की माणसाला भिंतीवरच्या पालीचंही वागणं खटकतं.

तिने त्याला व्हरांड्यात गाठलं. "मूळ रेकॉर्डिंगला तुम्ही हात लावला होता?"

"मी? अगं, मला ते यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही." तो हसला आणि त्याने आवाज खाली आणला. "तुझी अडचण मी समजू शकतो. भाऊ आहे. पण एक सांगू? ही पलीकडची माणसं वाईट नसतात गं. भोळी असतात. कुणीतरी काहीतरी भरवतं त्यांना. आपण त्यांच्याशी प्रेमाने बोलायचं, लहान मुलांशी बोलतो तसं."

कात्रीच्या डोक्यात तिडीक गेली. काय समजतो हा स्वतःला? माझ्या भावाला लहान मूल म्हणतो? हाच, हाच तो चोर, असं म्हणत ती तरातरा खोलीत आली, दाराला आतून कडी घातली आणि तिने मूळ रेकॉर्डिंग उघडलं.

प्रत्येकाच्या माइकचा आवाज वेगवेगळा साठवलेला असतो. तिने ग्रंथपालबाईंचा लावला आणि हेडफोन कानांवर दाबले. लांबून दादा बोलतोय, आणि मध्येच, अगदी कानाशी, फस्स. थोड्या वेळाने पुन्हा फस्स. मग बाईंचा मऊ आवाज, "होईल, तुमच्याही लक्षात येईल हळूहळू." आणि परत फस्स.

म्हणजे हसू होतं! मूळ रेकॉर्डिंग शाबूत होतं, आणि कार्यक्रमात मात्र त्याचा मागमूस नव्हता. मग ते तिने पूर्ण केलेल्या कामातून गेलं होतं. गोडबोल्याने नंतर येऊन कापलं की काय? तिने स्वतःचं काम उघडलं आणि एकेक जोड तपासायला घेतला. कापलेल्या जागी आवाज लांबवत सावकाश उतरवायचा आणि पुढचा पटकन चढवायचा, ही तिची पद्धत. ती तिने कुणालाही शिकवली नव्हती. शिंप्याला जसा आपला टाका ओळखू येतो, तसा तिला प्रत्येक जोडावर आपलाच हात ओळखू आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिला काहीच आठवत नव्हतं, आणि भीती वाटली ती त्याचीच. मुद्दाम केलं असतं तर निदान ध्यानात तरी राहिलं असतं. बाई नाकातून हसल्या तेव्हा तिला तो नुसता श्वास वाटला, म्हणून कचरा म्हणून काढला. दादा हसला तेव्हा तिला वाटलं हा त्याचा स्वभाव, हे ठेवायला हवं. इमानदारीने, मन लावून, एकही जोड दिसू न देता तिने सख्ख्या भावाला उर्मट करून ठेवलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, पण इथे तर कार्टंही आपलंच होतं!

मग जास्त कोण हसलं, हे तरी ठरवावं म्हणून ती दोघांचे आवाज पुन्हा ऐकायला बसली. पण आता तिला श्वास कुठला आणि तुच्छता कुठली हेच कळेना. दादाचं हसू तिला आता घाबरल्यासारखं वाटायला लागलं. बाईंचं कधी विखारी वाटे, कधी नुसती सर्दी. तिचा स्वतःच्या कानांवरचाच विश्वास उडाला.

ऐकता ऐकता चर्चेतली मधली सुट्टी आली. गोडबोल्या पाणी आणायला गेला होता आणि माइक चालूच राहिले होते. दादाचा आवाज आला, "माझी बहीण तुमच्यातलीच आहे. हुशार आहे हो, पण तिला कोणीतरी भरवलंय. मी काही बोलत नाही. म्हटलं, लहान आहे, येईल शहाणपण." बाई लगेच म्हणाल्या, "अय्या, माझा भाऊ तुमच्यातला! अगदी तसाच. मीही त्याला दुखवत नाही, बिचारा." आणि दोघं मिळून मोकळं हसले. सबंध कार्यक्रमात त्यांचं पटलं ते तेवढंच.

कात्रीचे कान तापले. लहान? केस पिकले माझे! दादाला रेकॉर्डिंग ऐकवायला न्यायचं तर होतं, पण एवढा तुकडा काढून न्यावा, त्याची लाज राहील आणि आपलाही मान राहील, असं तिच्या मनात आलं. बोट बटणावर गेलंसुद्धा. मग ती स्वतःवरच खेकसली आणि होतं तसं घेऊन निघाली.

दादाच्या कचेरीत भिंतभर वाहतुकीच्या खुणा लावलेल्या होत्या. त्याने तिला बस म्हटलं नाही. "कोणी पाठवलं? गोडबोल्याने?"

"मीच कापलं, दादा. मलाच कळलं नाही. ऐक."

त्याने हेडफोन लावले. पहिलं फस्स ऐकू आलं आणि त्याने टेबलावर हात मारला. "हेच! हेच ते! मी वेडा नव्हतो!" त्याचा चेहरा असा उजळला की तिला रडूच आलं. मग सुट्टीतलं बोलणं आलं. त्याचा हात जागच्या जागी थांबला. त्याने हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले.

"हे तरी कापायचं होतंस."

"कापून कापूनच इथवर आलेय ना."

"वाईट मनाने नव्हतो बोललो मी."

"माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं."

मग त्याने डोळे बारीक करून विचारलं, "आणि तू? माझ्याबद्दल बाहेर काय सांगतेस?"

कात्री भिंतीवरच्या खुणा वाचायला लागली. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हेच. तू भोळा आहेस म्हणून सांगते."

दादाने हेडफोन उचलून तिच्या हातात दिले. ती निघताना म्हणाली, की मूळ रेकॉर्डिंग रेडिओवर लावा असं मी गोडबोल्याला सांगणार आहे, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. "बघू," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला की नाही ते तिला कळलं नाही.

पण रविवारी तो आला. तिने पाणी तापवलं, त्याने आप्पांच्या गळ्याशी टॉवेल खोवला आणि साबणाचा फेस केला. एक गाल झाला. दोघं एकमेकांशी जपून बोलत होते. आप्पांशी तर त्याहून जपून.

"सर्दी बरी झाली हं आप्पा आता," कात्रीने दारातच पढवल्याप्रमाणे दादा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला.

"कसली सर्दी?" आप्पा म्हणाले. "रेडिओ माझ्या उशाशी असतो. मी ऐकला तो कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी परत लावला, तेव्हाही ऐकला. हिने तुझी वाट लावली, आणि तूही काही कमी शहाणपणा केला नाहीस."

कात्री पाण्याचं भांडं घेऊन पुढे आली. "मग बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलू? तू येतेस, सर्दी सांगतेस. हा फोन करतो, कामात आहे म्हणतो. दोघांचेही आवाज असे गोड, जसा काही मी पाळण्यात पडलोय. निवडणुकीला मला दोघं मिळून खुर्चीत घालून नेता. वाटेत ही एका कानात सांगते कुणाला मत टाका, आणि तू दुसऱ्या कानात. मी 'बरं' म्हणतो." आप्पांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एवढी वर्षं झाली. मी कुणाचा, हे एकाने तरी विचारलंत?"

कात्रीला वाटत होतं, यात विचारण्यासारखं काय आहे? आप्पा अलीकडचेच, दादाचं मन मोडू नये म्हणून गप्प राहतात एवढंच. तिने दादाकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की त्यालाही तितकीच खात्री आहे, पलीकडची. दोघं एकमेकांकडे चोरासारखे बघायला लागले. आप्पांना आधीच कुणी काही सांगून तर ठेवलं नाही ना?

"मग," दादाने घसा खाकरला, "कुणाचे तुम्ही आप्पा?"

"आधी दाढी पुरी कर," आप्पा म्हणाले. "तुझ्या हातात वस्तरा आणि हिच्या हातात कढत पाणी असताना मी नाही सांगायचा."

दादाने दुसरा गाल केला, हनुवटी केली, फेस पुसला. वस्तरा धुऊन डब्यात ठेवला. कात्रीने पाणी मोरीत ओतलं. आप्पा टॉवेलने कान पुसत बराच वेळ दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. दोघांपैकी कुणीही पुन्हा विचारलं नाही.