मी, हेमलाचा भुऱ्या

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. जऊळक्याच्या स्टेशनवर धान्याच्या पोत्यांआड माझा मुक्काम असतो. येणारेजाणारे मला बेवारशी समजतात. पण मलाही घर होतं, भुऱ्या असं नाव होतं, आणि ज्याच्यासाठी जीव टाकावा असा धनी होता.

देशातल्या पहिल्या निवडणुकीच्या वर्षी तांड्यावर माझा जन्म झाला. हेमलानं मला पिल्लू असताना अंगातल्या बंडीत घालून घरी आणलं. त्याची बायको रामीबाई मला ताकात भाकरी कुस्करून द्यायची. हेमला तांड्याचे नाईक मोहनसिंग यांच्या ज्वारीची राखण करायचा. त्याचं सगळं मला आधीच कळायचं. त्यानं खुंटीवरची गोफण काढायच्या आत मी शेताच्या वाटेला लागलेला असे. तो मचाणावर जांभया देऊ लागला की मी बांधावरून फेरी सुरू करी. आणि त्यानं खिशातले पत्ते चाचपले की मी ओळखायचो, आता राखण माझ्यावर टाकून हा गडी युनूस पिंजाऱ्याच्या छपरीत पत्ते कुटायला जाणार.

नाईक घोडीवरून पीक पाहायला येत. घोडीच्या गळ्यातले घुंगरू मला लांबूनच ऐकू यायचे. मग मी धूम ठोकून छपरी गाठायचो आणि हेमलाचं धोतर ओढायचो. तो हातातले पत्ते टाकून पळत येई आणि मचाणावर चढून हाकारे घालत गोफण फिरवू लागे. नाईक खूश होऊन परत जात. मग छपरीत माझी कोण तारीफ चालायची! "बायको ओळखत नाई मले, तेवढं हे कुत्रं ओळखते," असं हेमला सगळ्यांना सांगायचा. मी शेपटी हलवत ऐकत बसायचो.

एका वर्षी ज्वारीची कणसं चांगली भरली होती. दुपारी हेमला छपरीत होता, आणि नाल्याच्या बाजूनं काट्यांचं कुंपण मोडून गुरांचा कळप पिकात शिरला. मी भुंकून भुंकून घसा फोडला, पण एवढ्या गुरांपुढं माझं काय चालणार? ती शिंगं उगारून माझ्याच अंगावर आली. मी धावत जाऊन हेमलाचं धोतर ओढलं. "नाईक येऊन राह्यले," म्हणत तो पळाला, थेट मचाणावर चढला आणि रस्त्याकडं तोंड करून गोफण फिरवू लागला. मी नाल्याकडं धावत होतो, परत येत होतो, केकाटत होतो.

"चूप बस. नाईक आयकतीन," म्हणून त्यानं मला काठी फेकून मारली.

एकदा मागं वळून पाहिलं असतं तरी त्याला गुरं दिसली असती. पण भुऱ्या आला म्हणजे नाईक आले, एवढंच त्याला ठाऊक. पिकाची काळजी त्याला कधी नव्हतीच, भीती होती ती नाईकांची.

संध्याकाळी नाईक खरोखरच आले. तुडवलेलं पीक पाहून त्यांनी विचारलं, "काहून रे, गुरं शिरली तवा तू कुठी होता?"

"मी इथंच होतो, नाईक. नाल्याकडं कुत्र्याले बसवलं होतं. ते झोपलं. त्यानंच दगा देल्ला."

रामीबाई जवळच उभी होती. दुपारी भाकरी घेऊन आली तेव्हा तिनं रिकामं मचाण पाहिलं होतं. खरं बोलली असती तर राखणीचं काम गेलं असतं. ती ओढणीचं टोक पिळत राहिली.

"असं कुत्रं कायले पोसून राह्यला?" नाईक म्हणाले. "सोडून ये त्याले."

दुसऱ्या दिवशी हेमला मला जऊळक्याला घेऊन निघाला. मी नेहमीसारखा पुढं धावत होतो आणि प्रत्येक वळणावर त्याची वाट पाहत होतो. त्याच्या मनातलं तेवढं मला ओळखता आलं नाही. स्टेशनच्या कुंपणाला मला बांधून तो निघून गेला. मी दोरी कुरतडली आणि घरी पोचलो. तो दारातच होता. मला पाहताच त्यानं खुंटीवरची गोफण काढली. मी सवयीनं शेताच्या वाटेला लागलो, तोच दगड माझ्या बरगडीत बसला.

तेव्हापासून मी इथं आहे. मागच्या हिवाळ्यात हेमला आणि रामीबाई गाडीसाठी स्टेशनवर आले. मला पाहून हेमला शेजारच्या प्रवाशाला म्हणाला, "हे कुत्रं माह्यं होतं. लय हुशार. पण एक डाव दगा देल्ला त्यानं." त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. सांगून सांगून त्याला ते खरंच वाटू लागलं होतं.

रामीबाईनं शिदोरीतली अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली. मी तिच्या हाताला तोंड लावलं नाही. तिनं ती खाली ठेवली आणि पाठ फिरवली, मग मी खाल्ली. भूक तर लागलीच होती.

मित्रांनो, कुत्र्याला भाकरी घाला, सावली द्या, पण माझं मागणं वेगळं आहे. आपली चूक मुक्या जनावराच्या माथी मारू नका. त्याला नाही म्हणता येत नाही. आणि कोणी तशी माथी मारत असेल, खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर रामीबाईसारखे गप्प उभे राहू नका.