चांदणीचा रकाना

संध्याकाळी पाचपर्यंत शाळांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि व्हर्नेलने ते काम आठवडाभर उद्यावर ढकललं होतं. सोमवार असल्यामुळे न्यू ऑर्लिन्समधल्या निम्म्या घरांसारखा तिच्याही गॅसवर लाल राजमा शिजत होता. धाकटी बहीण क्लोटील टेबलावर शाळांचा तक्ता पसरून, स्वतःच प्रवेश घेत असल्यासारखी बसली होती.

"नदीकाठची शाळा बघ," क्लोटील म्हणाली. "वाचनात शंभरातली सत्त्याऐंशी मुलं पास. कालव्यापलीकडची एक्केचाळीस. यात विचार कसला करतेस?"

व्हर्नेलची मुलगी ओडेसा नऊ वर्षांची. बोलायला लागली की भल्याभल्यांना गुंडाळून ठेवायची, पण पुस्तकातली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे ठरत नसत. आताच्या शाळेने वर्षभर तिला चित्रं रंगवायला बसवलं होतं. तो राग व्हर्नेलच्या मनात अजून धुमसत होता.

तिचं बोट खालच्या ओळींवर गेलं. कुठल्या शाळेत कशी मुलं, ते तिथे होतं. विशेष मदत लागणारी मुलं कालव्यापलीकडे शंभरात बावीस. नदीकाठच्या रकान्यात नुसती चांदणी.

"ही कसली गं?"

"बक्षीस मिळालं असेल. एवढा निकाल आहे म्हटल्यावर."

खुलासा तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होता. दहापेक्षा कमी मुलं असतील तर आकडा छापत नाहीत. नदीकाठच्या शाळेत मुलं होती चारशे.

व्हर्नेलने तिथे फोन लावून ओडेसाचं सगळं सांगितलं. पलीकडची बाई साखर पेरत बोलली. "स्वागतच आहे तिचं, मिस व्हर्नेल. फक्त आमचा वेग तिला झेपेल का, ते बघा. दुसरीकडे ती जास्त खूश राहील, असं आपलं मला वाटतं."

सत्त्याऐंशी कुठून येतात ते व्हर्नेलला कळलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तरी तिथेच घाल," क्लोटील म्हणाली. "तिला धरून अशी मुलं दहा होऊ देत. मग झक मारत छापतील आकडा."

"भांडायचं तर आपण दोघी भांडू. माझ्या पोरीला पुढे करू नकोस."

मग तिने कालव्यापलीकडे फोन केला. तिथल्या बाईने काही लपवलं नाही. अशा मुलांसाठी तीन शिक्षिका होत्या, रोज तासभर वेगळं वाचन होतं, आणि तरीही त्यांच्यातली जेमतेम निम्मी वर्षअखेरीस सलग वाचू शकत. निम्मी ऐकून व्हर्नेलने तक्त्यातले सत्त्याऐंशी पुन्हा एकदा पाहिले. पाचाला दहा कमी असताना तिने तीच शाळा पहिली लिहिली.

ओडेसा दारात उभी होती. "कुठली लिहिलीस?"

"कालव्यापलीकडची."

"तिथे माझ्यासारखं कुणी आहे?"

"एकेका वर्गात पाच-सहा तरी आहेत."

"पाच-सहा?" ओडेसा दारातून आत आली. "मला वाटायचं, मी एकटीच अशी आहे."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. व्हर्नेलने तिला जवळ ओढलं आणि आईच रडली. क्लोटीलने उठून गॅस बारीक केला.