आरशापर्यंतचं अंतर

नेत्रतपासणी महाविद्यालयात दृष्टिविज्ञानाचा संशोधन विभाग उघडायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी सरांकडे पाहिलं आणि प्रमुख नेमलं फूटपट्टीला.

फूटपट्टी सरांचीच विद्यार्थिनी. शिकत असताना दिसेल ते मोजायची, म्हणून सरांनीच ठेवलेलं हे नाव. ती डॉक्टरेट घेऊन परतली आणि तिच्यासाठी कोपऱ्यातली खोली काळी रंगवली गेली, यंत्रं आली, दारावर पाटी लागली. सरांना आपल्या खोलीतली एक ट्यूब बदलून घ्यायला तीन अर्ज करावे लागले होते. ती जिन्यात भेटली की सर तोंडभर हसत आणि वरच्या मजल्यापर्यंत धुमसत जात.

"अहो, तुमच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. कौतुक करायचं सोडून जळता कसले?" बायको म्हणाली.

"जळतंय कोण?"

"मग भाजीत मीठ नाही, हे अजून कळलं कसं नाही तुम्हाला?"

एके दिवशी फूटपट्टी दारात उभी राहिली. "सर, तुमच्या वह्या द्याल?"

तीस वर्षं सरांनी तपासलेल्या प्रत्येक शाळकरी मुलाची नजर वहीत लिहिली होती. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"विभागाचं पहिलं काम त्यांच्यावरच उभं करायचंय. पहिलं नाव तुमचं."

सर त्या संध्याकाळी खूश होते. सकाळी उठले ते हिशेब मांडतच, की पहिलं नाव आपलं, पण पाटी तिचीच.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. चेहरा उतरलेला.

"सर, गेल्या वर्षीपर्यंत तुमच्याकडे मुलं तक्त्यावरची खालची ओळ सहज वाचायची. यंदा माझ्या खोलीत सगळी एक ओळ आधीच अडखळतायत. वर्षभरात सगळ्यांची नजर बिघडत नाही. माझ्याच खोलीत काहीतरी चुकतंय. आज चारला समिती बसतेय, तिथे सांगून टाकते. काम थांबवतील बहुतेक."

"घाई करू नकोस," सर म्हणाले. आतून मात्र त्यांना गुदगुल्या झाल्या. तीस वर्षांच्या वह्यांवर हिने एका शब्दानेही शंका घेतली नव्हती.

चूक डोळ्यांनी पाहायचा मोह आवरेना. ती जेवायला गेल्यावर सर टेप घेऊन काळ्या खोलीत शिरले. खुर्चीपासून तक्त्यापर्यंत सहा मीटर. पुन्हा मोजलं. तंतोतंत सहा.

तसाच टेप घेऊन ते आपल्या खोलीत आले. ही खोली लहान, म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आणि समोर आरसा. मूल आरशात पाहून वाचायचं. तीन मीटर जाताना, तीन येताना. सरांनी टेपचं टोक आरशाला लावलं. अडीच.

ते खुर्चीत बसले. सुरुवातीला त्यांनी भिंतीपर्यंत तीन मीटर मोजलं होतं. मग भिंतीला ओल आली, म्हणून सुताराने आरसा भिंतीलगतच्या कपाटाच्या दारावर बसवला. कपाट अर्धा मीटर खोल. जाता-येता पुरा एक मीटर गेला. प्रत्येक मुलाने अक्षरं जवळून वाचली होती.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. चार वाजता ती स्वतःच दोष घेणार, पाटी उतरणार, वह्या चोख राहणार. समोरच्या आरशात एक म्हातारा त्यांच्याकडे बघत होता. त्याची त्यांना लाज वाटली. चारला दहा मिनिटं कमी असताना ते उठले.

"तुझी खोली बरोबर आहे," दारातूनच ते म्हणाले. "माझी चुकलीय. मी भिंतीपर्यंत मोजलं, आरशापर्यंत नाही. वह्या जाळून टाक."

फूटपट्टी कागद आवरता आवरता थांबली. "आरसा कपाटावर कधी बसवला, सर?"

"पहिली वही उघडायच्या आदल्या आठवड्यात."

"नंतर हलला?"

"चार स्क्रू पिळलेत. खुर्चीही जमिनीत पक्की. हलतंय कुठे?"

"मग जाळायचं काय त्यात!" ती एकदम हसली. "चूक पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत एकच. सगळ्या आकड्यांना एकच गुणक लावला की झालं. सर, तुम्ही मला केवढ्या संकटातून सोडवलंत!"

एका दमात सुचलं तिला. आपण दोन तास त्या खुर्चीत बसलो आणि आपल्याला सुचलं नाही. सर पुन्हा आतल्या आत धुमसले.

"चला, समितीसाठी तुमच्या खोलीत नीट मोजून ठेवू. टोक धरता?"

सरांनी टेपचं टोक आरशाच्या काचेवर अंगठ्याने गच्च दाबलं.

"आकडा मोठ्याने वाच," ते म्हणाले. "आणि तुझं झालं की मी पुन्हा मोजणार आहे."