ठसका

कोणाचं लक्ष नाही असं बघून हर्षलाने ग्लासातली जांभळाची वाइन कठड्यामागच्या करवंदीच्या बुडात ओतली आणि रिकामा ग्लास पुन्हा ओठांशी नेला. वाइन वाईट होती असं नाही. तेच तर दुखणं होतं! जिभेवर आधी तुरट, मग गोड आणि गिळल्यावर तोंडभर नुसतं जांभूळ. इतकी चांगली कशाला व्हायला हवी होती मेली?

"कशी वाटली, ताई?" निशिगंधा ट्रे घेऊन समोर आली.

"बरी आहे. जरा आंबट वाटली."

"पुढच्या खेपेला बघते हां," म्हणत धाकटी जाऊ पुढच्या पाहुण्यांकडे गेली. हसत गेली. हिला हसायला काय जातंय, हर्षलाच्या मनात आलं.

कोंडाणे लेण्यांच्या डोंगराखालचा हा माळ. जमिनीची वाटणी झाली तेव्हा सासूने थोरलीला आधी विचारलं होतं, खालची भाताची खाचरं घेतेस की वरचा माळ? हर्षलाने पापणी लवायच्या आत खाचरं घेतली. माळावर होतं काय? दगडगोटे आणि जांभळाची झाडं, तीही माकडांनी आपलीच मानलेली. "हरेशभावजींना माळ द्या, माकडांसकट," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. आता त्याच माळावर लाकडी डेक झाला होता. समोर राजमाचीचा कडा, खाली उल्हास नदीचं वळण, आणि मुंबई-पुण्याची माणसं ग्लास उन्हाला धरून फोटो काढत होती. लग्न ठरलेली जोडपी नटूनथटून इथे फोटो काढायला येत. आज वाइनरीला वर्ष झालं म्हणून झेंडूच्या माळा, सनई, केक, सगळं साग्रसंगीत चाललं होतं. त्या माकडांची आठवण झाली की हर्षलाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

तरीही ती आली होती. नवी पैठणी नेसून आली होती. मुंबईच्या कुठल्याशा मासिकासाठी घरच्यांचा फोटो निघणार हे तिला ठाऊक होतं. थोरली सून म्हणून आपण सासूशेजारी उभं राहायचं, एवढं तिने घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं.

ती उभी राहिलीही. फोटो काढणाऱ्या मिहीरने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हात हलवला.

"ताई, तुम्ही जरा बाजूला होता का? ज्यांची वाइनरी आहे, तेवढेच हवेत."

"अहो, त्या घरच्याच आहेत," निशिगंधा म्हणाली.

"राहू दे गं," हर्षला म्हणाली आणि बाजूला झाली. कानशिलं तापली होती. चौकटीत आता सासू, हरेश आणि निशिगंधा. निशिगंधाने भरल्या ग्लासांचा ट्रे उचलला, ऊन त्या जांभळ्या रंगातून तिच्या गालावर पडलं, आणि हर्षलाला वाटलं, पडो तो ट्रे. एकदा तरी काहीतरी पडो हिच्या हातून!

ट्रे पडला.

खळ्ळकन आवाज झाला आणि सनईसुद्धा थांबली. निशिगंधाच्या साडीवर, केकवर, सासूच्या पायांवर जांभळे शिंतोडे उडाले. हर्षलाचा हात आपोआप तोंडावर गेला.

"दिष्ट लागली!" सासू, धोंडूबाई, गरजली. "सकाळधरनं किती डोळं पडल्यात हिच्यावर! मीठ-मोवऱ्या आना, मिरच्या आना. हर्षला, तू काढ. थोरलीनं काढायची असते."

"मी? आई, तुम्हीच काढा ना."

"माजा हात वर जातो का आता? काढ म्हनते ना!"

मिहीर तर हरखलाच. "वा! हे घेऊया. ताई, तुम्ही मधे या, उजेडात." आणि धोंडूबाईला विचारू लागला, "आजी, दृष्ट लागलीय हे कळतं कसं?"

"मिरच्या जळून बी ठसका नाय आला, तर समजायचं लागलेली. ठसका आला, तर कायपन नवतं."

पाहुण्यांच्या भाकरीसाठी पेटवलेली चूल बाजूलाच होती. हर्षला मूठ वळून जावेसमोर उभी राहिली. फोटोत यायचं होतं ना? घे, आलीस! ती मूठ निशिगंधाच्या डोक्यावरून पायांपर्यंत उतरवू लागली.

"आल्याची, गेल्याची, पावण्याची, रावळ्याची, वाटंवरल्याची, झाडावरल्याची, ज्याची लागली असेल त्याची जळून जाऊ दे..."

"घरातल्याची राह्यली गं," धोंडूबाई म्हणाली. "आधी घर, मग वाट. पुन्ना म्हन."

हर्षलाने मूठ पुन्हा वर नेली. निशिगंधा तिच्याकडेच पाहत होती.

"घरातल्याची..." मूठ हवेतच थांबली. "घरातल्याची, आल्याची, गेल्याची..."

तिने मूठ चुलीत सोडली. मोहरी तडतडली. मिरच्या आधी लाल, मग काळ्या झाल्या आणि धूर सरळ हर्षलाच्या तोंडावर आला. तिने श्वास ओढून घेतला. ये रे बाबा, ये. नाकाला झोंबेना, घशात काही खवखवेना. नुसता लाकडाचा धूर. सगळे वाट पाहत होते. धोंडूबाईची नजर चुलीवरून उठली आणि थोरल्या सुनेकडे वळू लागली.

तेवढ्यात निशिगंधाला ठसका लागला. तोंडाला पदर लावून, कमरेत वाकून ती खोकली. पुन्हा खोकली.

"अगं बाई, केवढा हा ठसका!" ती म्हणाली. "आई, दृष्टबिष्ट काही नव्हती. माझेच हात ओले होते, ट्रे निसटला."

"मंग बरं झालं," धोंडूबाई म्हणाली. सनई पुन्हा सुरू झाली. लोक हसले आणि नव्या ग्लासांकडे वळले.

हर्षला चुलीपाशीच उभी होती. धूर तिच्याकडे होता. निशिगंधा पार वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी होती.

मिहीरने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. पदराआडून खोकणाऱ्या निशिगंधाचे डोळे कोरडे ठणठणीत. हर्षलाचे मात्र काठोकाठ भरलेले.

"ताई, धुराने पाणी आलं का हो?"

"धुरानेच," हर्षला म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले आणि खाली बसून फुटक्या काचा गोळा करायला लागली. निशिगंधाही शेजारी येऊन बसली.

"निशी, आहे का गं अजून ती जांभळाची? मघाशी मी नीट चाखलीच नाही."

"मघाची करवंदीने चाखली ना," निशिगंधा मान वर न करता म्हणाली. "थांबा, आणते."