नजरगढीकडची खिडकी

खैरवदला घर बांधायचं म्हणजे गवंडी मगननाना, आणि मगननानांनी बांधलेल्या घराची उत्तरेची भिंत आंधळी. खिडकी नाही, झरोका नाही. भिंत पुरी झाली की नाना ओल्या गिलाव्यावर करंगळी मुडपून पंजा उमटवायचे. खैरवदच्या गवंड्यांची ही बापजाद्यांपासूनची खूण. आंधळी भिंतही बापजाद्यांपासूनचीच, कारण उत्तरेच्या टेकडीवर नजरगढी होती.

गढी म्हणजे गावाचं रक्षण, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. ही गढी बांधली गावावर पहारा ठेवायला. कोण्या सरदाराने खैरवदची भरली पेठ जिंकली आणि गावाने पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून वेशीचेच दगड उपटून, गावकऱ्यांनाच वेठीला धरून ती बांधून घेतली. तोफांची तोंडं थेट बाजारावर. तेव्हा गावाने त्या बाजूच्या खिडक्या बुजवल्या. पुढे सरदार गेला, त्याचं राज्य गेलं, मोबाइलचा टॉवर आला, तरी बाया त्या अंगाने जाताना पदर पुढे ओढतात आणि गढीवर कोणी चढत नाही. का, ते कोणी विचारत नाही.

ते विचारलं नानांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी. मोरीत घसरून खुबा मोडल्यापासून त्या मागच्या खोलीत खाटेवर होत्या. पुढची खोली येणाऱ्या-जाणाऱ्यांची, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, समोर ती आंधळी भिंत. दिवसाही बल्ब लावावा लागे. सगळा जन्म शेतात गेलेली बाई ती, भिंतीकडे पाहून पाहून मिटत चालली होती.

"त्या भिंतमा एक खिडकी काढी द्या ना," त्या म्हणाल्या.

"त्या आंगे खिडकी नही करतस."

"कसाले नही करतस?"

नाना नुसतेच चिडले. अख्ख्या गावाला घरं बांधून देणारे हात बायकोला हातभर उजेड देत नव्हते, हे त्यांना कळत होतं. जीव तुटत होता, पण हात धजत नव्हता. काही वाईट झालं तर, ही भीती मानगुटीवर बसलेली.

त्याच आठवड्यात धुळ्याहून पुरातत्त्व खात्याच्या प्रज्ञाताई आल्या. गढीच्या डागडुजीचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यांना चुन्यात काम करणारा गवंडी हवा होता. नाना नाही म्हणणार, तोच आतून पुष्पाबाईंचा आवाज आला. "जाई या. तठे काय शे ते देखी या. मंग खिडकीनं बोलू."

आता नाही म्हणायचं तर भितो असं कबूल करावं लागलं असतं. नाना गेले. चढताना तीनदा बिडी पेटवली आणि तिन्ही वेळा न ओढता विझवली.

वर बाभळी होत्या, शेळ्यांच्या लेंड्या होत्या आणि वारा होता. प्रज्ञाताईंनी त्यांना गावाकडच्या तटाशी नेलं. "तोफांची भोकं कोणीतरी आतून बुजवली आहेत. खालून खोबणी काळ्या दिसतात, म्हणून उघडी वाटतात. पण नाना, हे पंजे कसले?"

प्रत्येक बुजवलेल्या भोकावर, वाळून दगड झालेल्या चुन्यात, एकेक पंजा होता. करंगळी मुडपलेला.

नानांनी आपला हात त्यावर ठेवला. नीट बसला.

"आपलाच लोकेस्नी बुजाडेल शे हाई," ते म्हणाले. सरदार गेल्यावर गावातलेच गवंडी वर आले होते आणि तोफांची तोंडं बंद करून, खूण ठेवून उतरले होते. काम चोख होतं. पण खाली कोणी खिडकी उघडलीच नाही आणि पोरांना सांगायचंही राहून गेलं. मग नानांनी तटावरून गाव पाहिलं. घरामागून घर, सगळी पाठ फिरवून उभी, आणि त्यातली निम्मी त्यांच्या हातची. त्यांना रडू आलं. प्रज्ञाताई समोर असूनही त्यांनी ते आवरलं नाही.

घरी येऊन त्यांनी छिन्नी-हातोडा घेतला. ठोके ऐकून शेजारचा भटू धावत आला आणि दारातच थबकला. नाना त्याच्याकडे न बघता ठोकत राहिले. आधी धूळ आली, मग उजेड, मग वारा. पुष्पाबाईंचा हात सवयीने पदराकडे गेला, पण अर्ध्या वाटेवर थांबला. त्या कोपरावर रेलून कितीतरी वेळ टेकडीकडे बघत राहिल्या.

"इतलीसच शे का ती?" त्या म्हणाल्या.

"इतलीसच."

खिडकीच्या कडेला चुन्याचा ओला गिलावा लावून झाला, तेव्हा नानांनी खाट भिंतीला लावली. पुष्पाबाईंचा हात धरला, करंगळी हलकेच मुडपली आणि पंजा चुन्यावर दाबला.

भटू अजून दारातच होता. "नाना," तो म्हणाला, "सकाय मन्हा घरबी येशात का?"